प्रतिकृतीची साक्ष : लाकडी जहाजे आणि त्यांचा इतिहास

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, शिलालेख, नाणी, बखरी आणि दप्तरखान्यातील रुमाल यांचीच आठवण प्रथम होते. त्यांच्या जोडीला गड, मंदिरे, वाडे अशा वास्तू असतात. सिंधुदुर्गाच्या तटावरून आजही चालता येते. विजयदुर्गाच्या बुरुजांची मापे आजही घेता येतात. परंतु ज्या गुराबांना आणि गलबतांना आश्रय देण्यासाठी हे जलदुर्ग सजवले गेले, त्यांपैकी एकही आज कोणाला दाखवता येणार नाही. दगड टिकतो, लाकूड टिकत नाही. समुद्रातील किडे ते पोखरतात, उन्हापावसाने ते कुजते, लढाईत ते जळते, आणि यातून वाचलेच तर जुने जहाज मोडून त्याच्या फळ्या दुसऱ्या कामाला लावल्या जातात. सागरी इतिहासाच्या अभ्यासकाची पहिली अडचण हीच, की त्याच्या विषयातील मुख्य वस्तूच नाहीशी झालेली असते.

ही उणीव काही अंशी भरून काढणारे एक साधन म्हणजे जहाजाची लहान, परंतु मापाबरहुकूम घडवलेली लाकडी प्रतिकृती. दिवाणखान्यात काचेच्या पेटीत ठेवलेले शोभेचे गलबत पुष्कळांनी पाहिलेले असते. ऐतिहासिक प्रतिकृती ही त्याहून वेगळी वस्तू होय. शोभेच्या गलबताला डोलकाठ्या असल्या, शिडे असली आणि वर झळझळीत रोगण असले म्हणजे पुरते. ऐतिहासिक प्रतिकृतीला मात्र तीन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. हे जहाज कोणते? ते कोणत्या साली जसे होते तसे दाखवले आहे? आणि त्यातील प्रत्येक फळी, प्रत्येक दोर व प्रत्येक तोफ जिथे दाखवली आहे तिथे ती होती, याला आधार काय? यांतील तिसरा प्रश्न सर्वांत अवघड, आणि प्रतिकृतीची सारी किंमत त्याच्याच उत्तरावर ठरते.

युरोपात जहाजांच्या प्रतिकृती प्रथम जपल्या गेल्या त्या देवळांत. वादळातून सुखरूप परतलेले खलाशी नवस फेडण्यासाठी आपल्या जहाजाची लहानशी आकृती चर्चमध्ये अर्पण करीत. स्पेनच्या कॅटलोनिया प्रांतातील मातारो गावच्या एका प्रार्थनामंदिरातून आलेली अशी एक प्रतिकृती आज हॉलंडमध्ये रॉटरडॅमच्या सागरी संग्रहालयात आहे. ती पंधराव्या शतकातील असून युरोपातील सर्वांत जुन्या जहाज-प्रतिकृतींमध्ये तिची गणना होते. ज्या काळी कोलंबस समुद्रावर वावरत होता, त्या काळच्या व्यापारी जहाजांचे तत्कालीन नकाशे मिळत नाहीत. त्यामुळे कोण्या भाविकाने वाहिलेली ही वस्तू आज नौकाशास्त्राच्या अभ्यासकांना मोठा आधार वाटते. अर्पण करणाऱ्याच्या मनात इतिहास नव्हता, भक्ती होती. परंतु हात मात्र जहाजाची बांधणी जाणणाऱ्या माणसाचा होता.

प्रतिकृतीचा उपयोग राजकारभारात होऊ लागला तो सतराव्या शतकात, विशेषतः इंग्लंडमध्ये. १६०७ साली फिनिअस पेट या जहाजबांधणीच्या कारागिराने एक सुबक प्रतिकृती तयार करून आधी आरमाराच्या प्रमुखाला आणि मग राजा पहिला जेम्स याला दाखवली. तिच्यावरून पुढे 'प्रिन्स रॉयल' हे मोठे लढाऊ जहाज बांधले गेले व १६१० साली ते पाण्यात उतरले. राजाला नकाशा वाचता येत नसला तरी लाकडात घडवलेले जहाज त्याला हातात घेऊन पाहता येई, यातच प्रतिकृतीचे सामर्थ्य होते. त्याच शतकात सॅम्युएल पीप्स हा तरुण अधिकारी आरमाराच्या कचेरीत दाखल झाला, तेव्हा त्याला जहाजाची फारशी माहिती नव्हती. १६६२ साली त्याने एका अनुभवी खलाशाला बोलावून घेतले, प्रतिकृती समोर ठेवली आणि जहाजाचा एकेक भाग नावानिशी शिकून घेतला. पुढे इंग्लंडच्या आरमाराची घडी बसवण्यात याच पीप्सचा मोठा वाटा होता.

या काळातील इंग्लिश प्रतिकृती 'नेव्ही बोर्ड प्रतिकृती' या नावाने ओळखल्या जातात. त्यांतील बहुतेक प्रत्यक्षातील एका फुटास पाव इंच, म्हणजे अठ्ठेचाळिसास एक, या प्रमाणात घडवलेल्या आहेत. त्यांचा खालचा भाग मुद्दाम फळ्यांनी न मढवता उघडा ठेवलेला असतो, त्यामुळे जहाजाच्या बरगड्या स्पष्ट दिसतात. पीप्सनंतरच्या पिढीतील चार्ल्स सर्जिसन या अधिकाऱ्याने जमवलेला त्यांचा संग्रह पुढे अमेरिकेत गेला व आता तो अनापोलिस येथील नौदल विद्यालयाच्या संग्रहालयात आहे. इंग्लंडमध्ये ग्रिनिच येथे दुसरा मोठा संग्रह आहे. परंतु याही प्रतिकृती डोळे मिटून मानण्यासारख्या नाहीत. जहाजाचा बाह्य आकार, कोरीव काम आणि तोफांची छिद्रे यांच्याबाबत त्या विश्वासार्ह असल्या, तरी त्यांच्या उघड्या बरगड्यांची रचना ही कारागिरांची ठरावीक पद्धत होती. प्रत्यक्ष जहाजात बरगड्या तशा जोडलेल्या नसत. कागदाप्रमाणे प्रतिकृतीचीही उलटतपासणी करावी लागते, हा धडा या संग्रहांनीच अभ्यासकांना दिला.

सौंदर्य आणि सत्य यांतील अंतर दाखवणारे दुसरे उदाहरण नेपोलियनच्या युद्धांच्या काळातले आहे. १७९७ साली इंग्लंडमध्ये पीटरबरो शहराजवळ नॉर्मन क्रॉस येथे युद्धकैद्यांसाठी मोठी छावणी उघडण्यात आली. तेथील फ्रेंच कैदी जेवणात मिळणाऱ्या मांसाची हाडे जपून ठेवीत, ती घासून त्यांच्या बारीक पट्ट्या करीत आणि त्यांपासून जहाजे घडवून छावणीच्या बाजारात विकीत. ही अस्थिजहाजे पाहून आजही मन थक्क होते. परंतु कैद्यांपुढे नकाशे नव्हते. होती ती आठवण आणि गिऱ्हाइकाची आवड. डोलकाठ्या प्रमाणापेक्षा उंच आणि तोफा जास्त, असे त्यांत वारंवार आढळते. कैद्यांच्या चिकाटीचा इतिहास म्हणून ती अमोल आहेत. जहाजाचा इतिहास म्हणून त्यांच्यावर विसंबता येत नाही.

मग विश्वासार्ह प्रतिकृती तयार होते कशी? तिचा आरंभ लाकडापासून न होता कागदापासून होतो. जहाजाच्या नकाशात तीन आकृत्या असतात. पहिलीत जहाज बाजूने दिसते, दुसरीत वरून, आणि तिसरीत नाळेकडून व मागच्या बाजूने पाहिल्यास निरनिराळ्या ठिकाणी त्याचे आडवे छेद कसे दिसतील ते दाखवलेले असते. या तिन्ही आकृत्यांवरून पठाण, म्हणजे जहाजाचा तळचा कणा, आणि त्यावर उभ्या राहणाऱ्या बरगड्या कापल्या जातात. एक बरगडी केसभर चुकली तर तिच्यावरून जाणारी प्रत्येक फळी वाकडी बसते. लाकडाची निवडही विचारपूर्वक करावी लागते. खरे जहाज ओकाचे असले तरी प्रतिकृतीला ओक चालत नाही. त्याच्या रेषा इतक्या जाड असतात की लहान आकारात त्या भेसूर दिसतात. म्हणून नाशपातीचे किंवा बॉक्सवुडचे घट्ट, बारीक पोताचे लाकूड वापरतात.

त्यानंतर दोरखंडांचे काम. इंग्लंडमधील डेव्हिड स्टील याने १७९४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जहाजाच्या आकारमानाप्रमाणे कोणता दोर किती जाडीचा असावा याची कोष्टकेच दिली आहेत. त्या काळी दोराची जाडी त्याच्या घेरावरून सांगत. सहा इंच घेराचा दोर अठ्ठेचाळिसास एक या प्रमाणात अवघा एक मिलिमीटर जाडीचा होतो, आणि साडेपाच फूट उंचीचा खलाशी दीड इंचाच्याही आत बसतो. इतक्या बारीक दोरालाही खऱ्या दोरासारखा पीळ हवा, तोही योग्य दिशेला. कापड मात्र त्या प्रमाणात पातळ मिळत नाही. म्हणून अनेक जाणते कारागीर प्रतिकृतीवर शिडे चढवतच नाहीत. खोटे शीड दाखवण्यापेक्षा उघडी डोलकाठी त्यांना अधिक खरी वाटते. या एका गोष्टीत या कलेची सारी नीती आली आहे. जेवढे माहीत आहे तेवढेच घडवायचे.

आणि माहिती बदलली तर प्रतिकृतीही बदलायची. स्वीडनचे 'वासा' हे राजजहाज १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच प्रवासात, स्टॉकहोम बंदराबाहेर पडण्यापूर्वीच, वाऱ्याच्या झोताने कलंडून बुडाले. २४ एप्रिल १९६१ रोजी ते समुद्रतळावरून जवळजवळ अखंड वर काढण्यात आले. त्याचेही मूळ नकाशे नव्हते. हॉलंडमधून आलेल्या कारागिरांनी ते ठरावीक प्रमाणांच्या आधारे बांधले होते. आरंभी अभ्यासकांना वाटत होते की त्यावरील शेकडो शिल्पे निळ्या पार्श्वभूमीवर सोन्याने मढवलेली असावीत. पुढे लाकडावरील रंगाच्या सूक्ष्म कणांची तपासणी झाली, तेव्हा पार्श्वभूमी तांबडी आणि शिल्पे नाना रंगांची होती असे सिद्ध झाले. आज संग्रहालयात मूळ जहाजाशेजारी दहास एक या प्रमाणातील जी प्रतिकृती उभी आहे ती तांबडी आहे. सुंदर दिसणारी परंतु निराधार ठरलेली कल्पना स्वीडिश अभ्यासकांनी बाजूला ठेवली.

हे सारे युरोपातील झाले. भारताच्या पश्चिम किनाऱ्याकडे वळले की एक विलक्षण विषमता दिसते. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील कारागिरांनी इंग्रजांसाठी जी जहाजे बांधली, त्यांची मापे आज फुटा-इंचांत सांगता येतात. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ च्या सुमारास सुरतेहून मुंबईस आले, आणि त्यांच्या वंशजांनी मलबारी सागवानाची जहाजे ब्रिटिश आरमाराला पुरवली. जमशेटजी बमनजी वाडिया यांनी बांधलेले 'ट्रिंकोमाली' हे जहाज १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईस पाण्यात उतरले आणि इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे ते आजही तरंगते आहे. त्याच्या नकाशांची कथाही मनोरंजक आहे. ते नकाशे 'जावा' नावाच्या जहाजातून हिंदुस्थानाकडे येत होते. २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्यानजीक अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन' या जहाजाने 'जावा'चा पराभव केला आणि त्या जहाजाबरोबर नकाशेही नष्ट झाले. मग इंग्लंडहून नकाशांची दुसरी प्रत पाठवण्यात आली, आणि नंतरच मुंबईतील काम सुरू झाले.

या कथेचा एक धागा आणखी मागे जातो. 'ट्रिंकोमाली'चा मूळ आराखडाही इंग्रजांचा नव्हता. १७८२ साली इंग्रजांनी 'एबे' नावाचे एक फ्रेंच जहाज पकडले, त्याची मापे घेऊन नकाशा काढला आणि त्या नकाशावरून स्वतःची जहाजे बांधली. शत्रूचे जहाज हाती लागले की आधी त्याची मापे कागदावर उतरवायची, ही त्यांच्या आरमाराची शिस्त होती. या शिस्तीमुळेच 'ट्रिंकोमाली'ची तोफांची दीडशे फूट लांब पाटणी आज कोणीही तीन फूट दीड इंचाच्या प्रतिकृतीत निःशंकपणे उतरवू शकतो.

देशी जहाजांचे तसे नव्हते. कोकण, मलबार आणि कच्छ येथील सुतार नकाशा काढीत नसत. पठाणाची लांबी ठरली की बाकीची मापे ठरावीक प्रमाणांनी निघत, आणि शेवटचा बाक नजरेने साधला जाई. हे ज्ञान बापाकडून मुलाकडे हातातून हातात जाई. ते कमी प्रतीचे होते असे मुळीच नव्हे. मुंबईच्या गोदीत इंग्रजी नकाशावरून काम करणारे हातही याच परंपरेतले होते. परंतु कागदावर नसलेले ज्ञान माणसाबरोबर जाते, आणि ज्या जातीचे जहाज बांधणे बंद होते त्याचे ज्ञान एका पिढीत संपते.

सुदैवाने एकोणिसाव्या शतकात दोन परकी माणसांनी या देशी जहाजांकडे आस्थेने पाहिले. पहिला जॉन एडी. त्रिंकोमालीच्या गोदीत काम करणाऱ्या या इंग्रज अधिकाऱ्याचा कोरोमंडल, मलबार व सिंहल येथील देशी जहाजांवरील निबंध १८३४ साली रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात पत्तेमारीचे वर्णन आहे. मोठी पत्तेमारी सुमारे ७६ फूट लांब, २१ फूट रुंद व २०० टनांची असे. तिची नाळ पुढे लांबवर कललेली, डोलकाठ्या पुढच्या बाजूस झुकलेल्या आणि शिडे तिरप्या परबाणांवर बांधलेली असत. तिच्या पठाणाला मध्यभागी वरच्या बाजूस बाक दिलेला असे. कोकणच्या किनाऱ्यावर मुंबईपासून मलबारपर्यंत माल वाहणारी हीच पत्तेमारी, अठ्ठेचाळिसास एक या प्रमाणात जेमतेम १९ इंचांची भरेल.

दुसरा माणूस फ्रेंच नौदलातील फ्रांस्वा-एदमों पारिस. १८०६ साली जन्मलेल्या या अधिकाऱ्याने तीन वेळा पृथ्वीप्रदक्षिणा केली. जहाज जिथे नांगर टाकी तिथे तो स्थानिक होड्या-गलबतांकडे जाई, त्यांची मापे घेई आणि नकाशे काढी. हिंदुस्थानातील एका मुक्कामात यंत्राच्या दात्यांत सापडून त्याला डावा हात गमवावा लागला. परंतु काम थांबले नाही. युरोपाबाहेरील लोकांच्या जहाजबांधणीवरचा त्याचा ग्रंथ १८४० नंतरच्या काही वर्षांत प्रसिद्ध झाला. मद्रासच्या किनाऱ्यावरील काथ्याने शिवलेल्या मसुला होड्यांपासून मुंबईच्या पत्तेमारीपर्यंत अनेक भारतीय जहाजे त्यात मापांसह आली आहेत. १८७१ साली पारिस पॅरिस शहरातील लूव्र राजवाड्यात असलेल्या सागरी संग्रहालयाचा प्रमुख झाला आणि १८९३ साली मृत्यू येईपर्यंत त्या पदावर राहिला. तिथल्या कार्यशाळेत त्याने आपल्या तरुणपणीच्या नकाशांवरून लाकडी प्रतिकृती करवून घेतल्या. ज्या कारागिरांनी मूळ जहाजे बांधली त्यांची नावे इतिहासाने नोंदवली नाहीत. त्यांच्या हातांची रीत मात्र एका परक्या अधिकाऱ्याच्या पट्टीमुळे आणि पेन्सिलीमुळे वाचली.

आता प्रश्न उरतो मराठी आरमारातील गुराबेचा. पारिस हिंदुस्थानात येण्यापूर्वी पाऊणशे वर्षे, फेब्रुवारी १७५६ मध्ये, वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर हल्ला केला व तुळाजी आंग्र्यांचे आरमार आगीत भस्मसात झाले. इंग्रजांनी फ्रेंच जहाजांचे जसे नकाशे काढले तसा मराठी गुराबेचा तत्कालीन मापी नकाशा अभ्यासकांना उपलब्ध नाही. जे आहे ते शब्दांत. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. गुराबा फार मोठ्या नसाव्यात, फार लहानही नसाव्यात, मध्यम असाव्यात. वाऱ्यावाचून हलू न शकणाऱ्या अवजड जहाजांचा उपयोग नाही, असा त्यातील उपदेश आहे. आरमारासाठी लाकूड तोडताना रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू नये, ही त्यातील आज्ञा तर सुप्रसिद्धच आहे.

याहून तपशीलवार वर्णन रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने १७६३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केले. त्याच्या सांगण्याप्रमाणे गुराबेला बहुधा दोन, क्वचित तीन डोलकाठ्या असत. तीन काठ्यांची गुराब सुमारे ३०० टनांची, दोन काठ्यांची १५० टनांपेक्षा मोठी नसे. ती लांबीच्या मानाने फार रुंद आणि उथळ पाण्यात चालणारी असे. तिच्या पुढच्या टोकाला युरोपीय जहाजासारखा फुगीर भाग नसून भूमध्य समुद्रातील वल्ह्यांच्या जहाजांसारखी पुढे झेपावलेली नाळ असे, आणि त्या नाळेवरून समोर मारा करण्यासाठी ९ ते १२ पौंडी गोळ्यांच्या दोन तोफा बसवलेल्या असत. बाजूच्या तोफा ६ ते ९ पौंडी असत. गलबते गुराबेसारखीच पण लहान, बहुधा ७० टनांच्या आतली. त्यांवर चिरलेल्या बांबूंची हलकी पाटणी आणि फिरत्या जंबुऱ्या असत, आणि ४०-५० वल्ह्यांच्या जोरावर ती तासाला चार मैल जात.

हे वर्णन वाचताना वाटते की आता गुराब डोळ्यांपुढे उभी राहिली. प्रतिकृती घडवायला बसणाऱ्याला मात्र लगेच कळते की अजून पुष्कळ काही राहिले आहे. ऑर्मने टनभार सांगितला, पण पठाणाची लांबी सांगितली नाही. नाळ पुढे झेपावलेली होती, किती फूट? बरगड्यांचा बाक कसा होता? मागच्या बाजूची कमान युरोपीय धाटणीची की अरबी? परबाण किती लांब होते? शब्दांना अशा जागा मोकळ्या सोडता येतात. लाकडाला येत नाहीत. फळी कुठेतरी बसवावीच लागते. म्हणूनच प्रतिकृती ही लेखी इतिहासाची कठोर परीक्षा ठरते. जे आपल्याला माहीत आहे असे वाटत होते त्यातील किती खरोखर माहीत आहे, हे ती इंचाइंचाने दाखवून देते.

या मोकळ्या जागा भरण्याच्या दोन रीती आहेत. एक सोपी : युरोपीय जहाजाचा एखादा सुंदर आराखडा घ्यावा, त्यावर तोफा वाढवाव्या, भगवे निशाण चढवावे आणि खाली मराठी आरमाराचे नाव लिहावे. अशी प्रतिकृती पाहणाऱ्याचा ऊर भरून येईल. परंतु तीत आंग्र्यांच्या सुतारांचे काहीच नसेल. कोकणच्या उथळ खाड्या, मध्यम आकाराचे धोरण, वल्ह्यांचा आधार, समोरून मारा करण्याची युक्ती हे त्या आरमाराचे खरे शहाणपण होते; नेमके तेच अशा प्रतिकृतीत हरवते. दुसरी रीत कष्टाची : ऑर्मचे वर्णन, आज्ञापत्राचे धोरण, पेशवे दप्तरातील खर्चाचे कागद, समकालीन चित्रे, आणि एडी व पारिस यांनी मोजलेली त्याच किनाऱ्यावरची जहाजे ही सारी समोर ठेवून एकेक माप ठरवावे, आणि कोणता भाग पुराव्याचा व कोणता अनुमानाचा हे शेजारच्या पाटीवर स्पष्ट लिहावे. अशी प्रतिकृती कदाचित कमी दिमाखदार दिसेल, पण नवा कागद सापडताच ती सुधारता येईल.

ही दुसरी रीत अशक्य नाही, हे अलीकडेच गोव्याच्या भूमीवर दिसून आले. अजिंठ्याच्या भिंतीवर पाचव्या शतकातील जहाजाचे चित्र आहे. नकाशा नाही, अवशेष नाहीत, केवळ चित्र. त्याच्या आधाराने फळ्या काथ्याच्या दोरांनी शिवून पूर्ण आकाराचे जहाज बांधण्याचा संकल्प २०२३ साली भारतीय नौदल, केंद्र सरकारचे सांस्कृतिक मंत्रालय आणि गोव्यातील एक जहाजबांधणी संस्था यांनी केला. शिवणकाम केरळातील बाबू शंकरन यांच्या नेतृत्वाखालील कारागिरांनी केले. चित्रातील जहाज खऱ्या पाण्यात कसे वागेल याची परीक्षा मद्रासच्या आयआयटीमध्ये आधी लहान प्रतिकृतीवर झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये जहाज पाण्यात उतरले, मे २०२५ मध्ये कारवार येथे 'कौंडिण्य' या नावाने नौदलात दाखल झाले, आणि डिसेंबर २०२५ च्या अखेरीस पोरबंदरहून निघून जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोहोचले. चित्र अपुरे होते हे बांधणाऱ्यांनी लपवले नाही. उलट चित्र जिथे थांबते तिथे कारागिराची परंपरा आणि शास्त्राची चाचणी यांचा आधार त्यांनी घेतला. केरळात फळ्या शिवणारे हात उरले होते, म्हणूनच हे घडू शकले.

पश्चिम किनाऱ्याच्या इतर जहाजांबद्दलची चिंता हीच आहे. शिडाची पत्तेमारी विसाव्या शतकात यंत्रापुढे मागे पडली आणि दिसेनाशी झाली. खाड्यांच्या काठी चिखलात रुतलेले जुने सांगाडे, सुतारांच्या घरी राहिलेली मापांच्या खुणांची लाकडे, वृद्ध तांडेलांच्या तोंडी असलेले शब्द हे अजूनही कोठे कोठे आढळतील. त्यांची मापे घेण्यास फार मोठा खर्च लागत नाही. दोरी, ओळंबा, कागद आणि चिकाटी एवढ्यावर पारिसने काम केले, पुढे तर एका हाताने. पट्टीने घेतलेल्या अशा मापांवरून पुढे कोणीही प्रतिकृती घडवू शकेल.

जहाज समुद्र सोडून घाट चढू शकत नाही; प्रतिकृती चढू शकते. बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर किंवा हैदराबाद येथील ज्या मराठी मुलाने समुद्र पाहिलेला नाही, त्याच्या शाळेतही गुराब पोहोचू शकते. ती पोहोचवताना एवढीच काळजी घ्यावयास हवी, की त्या मुलाने 'हे असेच होते कशावरून?' असे विचारले, तर त्याला सरळ उत्तर देता यावे. आंग्र्यांचे आरमार जळाले त्याला अडीचशेहून अधिक वर्षे झाली. त्या सुतारांची नावे परत येणार नाहीत. त्यांचे काम मात्र, जेवढे पुराव्याने हाती लागेल तेवढे, पुन्हा लाकडात उभे करता येईल.